पुरिंगने उपटलेली लावणी

आमच्या काबालीव गावात पुरिंगची छत्री वळणावर दिसली की लोक दारं लावून घ्यायचे. खोटं सांगत नाही. कुणाचा भात करपायला लागायचा, कुणाला कोंबडा बांधायचा राहिलेला असायचा. माझं दुकान पडलं रस्त्याच्या कडेला, मी कुठं पळणार? ती यायची, बाकावर बसायची, छत्री मिटायची आणि म्हणायची, "कुमारे, एक कॉफी कर बाई. आज पिद्योंगला गाठायचाय."

माझ्या थोरलीची ती धर्ममाता, म्हणून ती मला कुमारे म्हणते आणि मी तिला. खरं नाव पुरिफिकासियोन, पण एवढं लांब नाव पाद्रीबाबांशिवाय कोण घेतंय! नवरा वारला, मुलगा जहाजावर, आणि पाटाच्या कडेला एक खाचर. तेवढ्यावर कुणीही बाई गप घरी बसून जपमाळ ओढली असती. पण पुरिंगला भाताच्या विम्याचं वेड लागलं होतं.

ते लागलं कसं तेही ऐका. मोठं वादळ झालं त्या वर्षीची गोष्ट. वादळाच्या आधी एक कारकून पावसात भिजत गावात आला होता. कुणी त्याला उभं केलं नाही. पुरिंगनं पडवीत घेतलं, कॉफी दिली, आणि माणूस रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून त्याच्या कागदावर सही केली. कशावर करतेय ते तिला धड कळलंही नव्हतं. मग वादळ आलं, अख्ख्या गावाचं भात झोपलं, आणि काही महिन्यांनी चेक आला तो एकट्या पुरिंगच्या नावावर. दुसरी कुणी असती तर नाचली असती. ही माझ्याकडे येऊन रडली. "फेली, बँकेतून येताना मला तोंड वर करवेना गं. सगळे उपाशी आणि मी एकटी जेवतेय असं वाटलं." त्या पैशांतून तिनं बी आणलं, अर्धं वाटून टाकलं. पण मनातलं जाईना. तेव्हापासून ती दारोदार फिरायला लागली. पगार नाही, भत्ता नाही, आणि चपला स्वतःच्या झिजवायच्या.

लोकांची कारणं ऐकून माझं डोकं उठायचं. हप्ता सरकार भरतंय म्हटलं की म्हणायचे, फुकट आहे म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार. नाव लिहून दिलं तर जमीन घेतील. आणि सगळ्यांत मोठं कारण म्हणजे शेताच्या बांधावर नुकसानीची भाषा करायची नाही, भात ऐकतं. आमच्याकडे भात पोटरीत आलं की पोटुशी बाई घरात असावी तसं सगळे हळू बोलतात. तिथं ही जाऊन विचारणार, पूर आला तर, कीड पडली तर! लोला इपांगनं, म्हणजे आमच्या इपांग आजीनं, एकदा तिला काठी घेऊन हाकललं होतं. मग पुरिंग शहाणी झाली. पूर, वादळ, कीड, काही म्हणायचंच नाही. "समजा, पाहुणा आला," असं म्हणायची. "आगाऊ न सांगता पाहुणा आला आणि सगळं खाऊन गेला, तर तुम्ही काय करणार?" लोक हसायचे, पण ऐकून घ्यायला लागले.

सगळ्यांत चिवट होता आम्बो. नदीच्या वळणावर त्याचं शेत, गावात सगळ्यांत सखल. विमा हवा तर त्यालाच हवा! पण काखेत झुंजीचा कोंबडा आणि तोंडात टिंगल, असा हा बुवा.

"पुरिंग, याचा विमा काढतेस का?" कोंबड्याला पुढं करून विचारायचा. "रविवारी हा मेला तर मला काय मिळेल?"

"रस्सा मिळेल," पुरिंग म्हणायची.

एकदा माझ्या दुकानात असंच चाललं होतं. पाच-सहा जण बसलेले. आम्बो म्हणाला, "कागद म्हणजे काय गं? कागदावर काय वाट्टेल ते लिहितात. तू शब्द दे. माणसाचा शब्द असेल तर सही करतो."

"काय शब्द देऊ?"

"माझं भात गेलं आणि तुझ्या साहेबानं हात वर केले, तर?"

पुरिंगनं कप खाली ठेवला. "तर त्या हंगामाचं माझं सगळं पीक तुझं. विळा घेऊन ये, कापून ने. मी पेंढ्या बांधून देईन."

मी तिला काउंटरच्या आतून असा चिमटा काढला की वळ उठला असेल. अगं, वर्षभर खाणार काय तू? पण बाई एकदा बोलली की बोलली. दुकानात कुणी हसेना. आम्बोनं कोंबडा खाली सोडला, हात पँटला पुसला आणि माझ्याच काउंटरवर सही केली. त्याच्या मागोमाग तिथं बसलेल्या सगळ्यांनी केली. पुरिंगचा चेहरा काय फुलला होता त्या दिवशी! मला मात्र धडकी भरली, आणि मी तिला तसं सांगितलंही.

लावणी होऊन रोपं जरा मूळ धरतात न धरतात तोच पाहुणा आला. वरच्या डोंगरात पाऊस कोसळला आणि नदीनं वळणावर बांध फोडला. बाकीच्यांची शेतं थोडक्यात वाचली. आम्बोच्या शेतावरून पाणी गेलं तेव्हा खाली गाळ राहिला, आणि गाळाखाली त्याची लावणी. एक रोप उभं नव्हतं.

पुरिंग त्याच दिवशी तालुक्याच्या ऑफिसात जाऊन कळवून आली. आल्यावर तिनं आम्बोला आणि त्याच्या बायकोला, सोर्सीला, बजावलं, "विम्याचा साहेब येऊन डोळ्यांनी बघेपर्यंत शेताला हात लावायचा नाही. जसं आहे तसं दिसलं पाहिजे." आम्बो बरं म्हणाला. पण शेतातलं पाणी काढायला म्हणून तो त्या घाण पाण्यात कमरेएवढा उभा राहिला होता, ते त्याला भोवलं. ताप भरला, डोळे पिवळे झाले, पिंढऱ्या धरून ओरडायला लागला. लेप्टो निघाला. सोर्सी त्याला घेऊन इलोइलो शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेली आणि तिथंच राहिली.

साहेबाचा पत्ता नव्हता. सगळ्या किनाऱ्यावर पूर, माणसं कमी, आज येतो, उद्या येतो. पुरिंगच्या जिवाला चैन नाही. सारखी तालुक्याला खेपा घालायची. शेवटी एका सोमवारी पहाटेच निघाली, मला म्हणाली, "कुमारे, आज ऑफिसच्या दारात बसते. त्याला घेऊनच येते."

आणि नेमका तोच सोमवार!

आदल्या दिवशी प्रार्थनेनंतर लोला इपांगनं चॅपेलच्या अंगणात सगळ्यांना अडवलं होतं. पुरिंग तेवढी खेपांनी दमून घरीच होती, आणि सोमवारी पहाटे मीही तिला सांगितलं नाही, म्हटलं आल्यावर बघून खूश होईल. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई ती, तिच्यापुढं कुणी तोंड उघडत नाही. "आजारी माणसाचं शेत उघडं पडलंय," ती म्हणाली. "लाज वाटत नाही का रे तुम्हाला? शेत उठलं नाही तर माणूस कसा उठेल?" पिद्योंगकडं रोपं उरली होती. जून झालेली, पण होती. झालं, ठरलं. आमच्याकडं दाग्याव असाच ठरतो. आज तुझ्या शेतात सगळे, उद्या माझ्या. मजुरी नाही, फक्त जेवण. आणि आजाऱ्याच्या शेतात तर जेवणही आपलं आपण न्यायचं. शेताला हात लावायचा नाही ही गोष्ट पुरिंगला, आम्बोला आणि सोर्सीलाच ठाऊक. दुसऱ्याच्या शेताला आपण होऊन कोण हात लावतंय, म्हणून पुरिंगनं गावाला सांगितलंच नव्हतं. मलाही नाही.

मी सुकी मासळी आणि भाताचं पातेलं घेऊन बांधावर गेले तेव्हा लावणी उरकत आली होती. सगळं गाव चिखलात. गिटार वाजत होती, पोरी एकमेकींच्या अंगावर चिखल उडवत होत्या. लोला इपांगनं मधोमध बांबूचा छोटा क्रूस रोवून रोपांच्या पहिल्या चार चुडा स्वतःच्या हातानं लावल्या होत्या. ओळी कशा सरळ! गाळाच्या त्या काळ्या पट्ट्यावर हिरवं बघून माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, पुरिंगला किती आनंद होईल.

केळीच्या पानांवर मी भात वाढायला घेतला आणि मोटरसायकल आली. साहेब पुढं, पुरिंग मागं, ऑफिसला जायचा तिचा निळा स्कर्ट दोन्ही हातांनी धरून.

"मानांग पुरिंग, बघा!" पिद्योंग चिखलातून ओरडला; मानांग म्हणजे आमच्याकडं ताई. "आम्बोचं शेत उठलं!"

सगळे हात हलवायला लागले. पुरिंग उतरली आणि तिथंच उभी राहिली. मला वाटलं हिला चक्कर येतेय, मी पातेलं टाकून धावले.

"काय केलंत," ती एवढंच म्हणाली. "देवा, काय केलंत हे."

साहेब म्हणजे लेमवेल नावाचा पोरगेला माणूस. हेल्मेट काढून त्यानं शेताकडं बघितलं, हातातल्या नकाशाकडं बघितलं.

"मॅडम, हेच शेत?"

"हेच, सर. गाळाखाली गेलं होतं. फोनवर फोटो आहेत माझ्या. सगळ्या गावानं बघितलंय."

"फोटो मलाच काढावे लागतात, मॅडम. आणि मला हे उभं पीक दिसतंय."

"हे आज सकाळी लावलंय सर! उरलेली रोपं, जून. यातून काय पिकणार? हंगामाच्या शेवटी पाटाला पाणीसुद्धा नसेल."

"मला पटतंय हो," तो म्हणाला, आणि त्याला खरंच पटत होतं, बिचारा घामाघूम झाला होता. "पण उभ्या लावणीला मी गेलं असं लिहिलं तर उद्या माझी नोकरी जाईल, आणि तुमच्या गावाचा एकही कागद पुन्हा कुणी मानणार नाही. मला दिसेल ते मी लिहितो."

मग हेल्मेट घालता घालता, कुणाकडंच न बघता म्हणाला, "मला पलीकडच्या गावातलं एक शेत बघायचंय. दुपारी याच रस्त्यानं परत येईन. इथलं तेव्हाच लिहीन."

मोटरसायकल गेली. गिटार कधीच थांबली होती. तो काय बोलून गेला ते कुणालाही समजावून सांगायची गरज नव्हती.

"म्हणजे उपटायचं?" पिद्योंगची बायको म्हणाली. "येडी का काय? सकाळपासून पाठ मोडलीय आमची."

पुरिंगनं सगळं सांगितलं. उपटलं नाही तर आम्बोला काही मिळणार नाही. ही लावणी मूठभरही देणार नाही. पुढच्या हंगामाला बी नाही, खत नाही, आणि माणूस इस्पितळात. लोक ऐकत होते, पण पायाखालच्या रोपांकडं बघत होते. लावलेलं जितं रोप आमच्या गावात कुणी कधी उपटलेलं नाही. तण उपटतात.

"आत्ता उपटू, तो गेला की परत लावू," पिद्योंगनं सुचवलं.

"दोनदा उपटलेलं रोप जगेल का रे?" पुरिंग म्हणाली. "आणि गेलं म्हणून लिहिलेलं शेत आठवड्यानं हिरवं दिसलं तर आपण चोर ठरू. पूर आला ते खरं आहे. जे खरं आहे तेच त्याला दिसू दे."

"आम्बोला विचार की मग. शेत त्याचं."

तिनं फोन लावला. मी शेजारीच होते, आवाज मोठा केलेला होता, मी या कानांनी ऐकलंय. सोर्सी रडत होती. त्याच्या किडन्यांना सूज आलीय, डॉक्टर आत नेतायत, असं काहीबाही. पुरिंगनं कसंबसं सांगितलं. पलीकडून सोर्सी म्हणाली, "मानांग, मला काही सुधरत नाही हो. तुम्हाला योग्य वाटेल ते करा. तुम्ही कराल ते मला मान्य." आणि फोन बंद झाला.

पुरिंगनं सांगितलं, सोर्सी हो म्हणाली. तेव्हा पिद्योंग हसला, वाईट हसला. "हो म्हणणारच. आणि तुझंही बरंच आहे की, मानांग. पैसे आले नाहीत तर तुझं पीक जाणार ना आम्बोला? शब्द दिलायस. आमच्या मेहनतीवर स्वतःचं भात वाचवतेयस होय?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. म्हटलं, "पिद्योंग, तोंड सांभाळ, नाहीतर ही मासळी फेकून मारीन." पण बाण लागायचा तिथं लागला होता. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. तोपर्यंत ही गोष्ट कुणाच्या ध्यानात नव्हती. आता सगळ्यांच्या ध्यानात आली.

पुरिंग बांधावर उभी होती. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला लखलखीत दिसत होतं. उपटावं तर स्वतःसाठी उपटलं म्हणणार. न उपटावं तर आम्बो बुडाला, तिचं पीक गेलं, आणि विम्याचं नाव या गावात पुन्हा कुणी घेणार नाही. कुठल्याही बाजूनं सुटका नाही. मग तिनं बूट काढले, एकाशेजारी एक ठेवले, निळा स्कर्ट गुडघ्याच्या वर खोचला आणि उतरली. पहिलं रोप उपटताना चिखलातून चुबुक आवाज आला तो सगळ्यांनी ऐकला.

कुणी तिला अडवलं नाही, आणि कुणी हातही लावला नाही. एकेक जण बांधावर चढला, पाय धुतले, टोपी घातली आणि निघाला. केळीच्या पानांवर मी वाढलेला भात तसाच. एकानं घास उचलला नाही. माझ्यासारखी वजनदार बाई चिखलात कधी उतरत नाही, पण मी उतरले. कुमारे ना मी तिची! मी एक ओळ काढेपर्यंत ती चार काढायची. ऊन डोक्यावर, आणि ती रोपं इतक्या नीट लावलेली की प्रत्येकाला ओढावं लागत होतं.

शेवटी मधला बांबूचा क्रूस राहिला. लोला इपांग अजून बांधावर बसलेली होती, गेलीच नव्हती. पुरिंग क्रूसाजवळ पोचली तशी म्हातारी उठली, काठी टेकत चिखलात आली. मला वाटलं आता मारते. तिनं वाकून आपल्या चारही चुडा स्वतःच काढल्या आणि पुरिंगच्या हातात दिल्या.

"मी लावल्या, मीच काढते," म्हणाली. "तुझ्या हातानं नको."

क्रूस काखेत घेऊन ती घरी गेली. ते रागानं म्हणाली का मायेनं, मला आजवर उमगलेलं नाही.

लेमवेल दुपारी आला. फोटो काढले, लिहिलं, एक अक्षर विचारलं नाही. जाताना फक्त पुरिंगला म्हणाला, "हात धुवा, मॅडम." आणि मान खाली घालून गेला.

आम्बो वाचला. हाडाचा सापळा होऊन घरी आला, पण आला. आणि विम्याचे पैसेही आले, सगळे आले. त्यातून बी आलं, खत आलं, औषधं आली. आम्बो स्वतः माझ्या दुकानात बसून लोकांना सांगायचा, सही करा रे, खरंच देतात. पण पुरिंगबद्दल चकार शब्द नाही. त्याला काय सांगितलं होतं कोण जाणे. सोर्सीनं तो फोन झालाच नाही असं तोंड केलं. मी तिला एकदा पाटावर कपडे धुताना गाठलं. म्हटलं, "अगं, तू हो म्हणालीस की नाही? सांग की चारचौघांत!" ती कपडे आपटत राहिली. मग म्हणाली, "मानांग फेली, आम्बोला आता विळा धरवत नाही. आमच्या शेतात कोण उतरणार? हेच लोक ना?" मीच गावभर सांगत सुटले, तर म्हणायचे, ही तर तिची कुमारे, ही दुसरं काय सांगणार.

एकदा मी पुरिंगलाच सरळ विचारलं. "खरं सांग. त्याच्यासाठी उपटलंस की तुझ्या भातासाठी?"

"दोन्हीसाठी," ती म्हणाली. "मला वर्षभर जेवायचं नाही का, फेली? दोन्हीसाठी उपटलं. हे पाप असेल तर आहे." आणि कॉफी न पिता उठून गेली. मला असं झालं की का विचारलं.

पुढच्या हंगामाला तिला कुणाच्या दारात जावं लागलं नाही. चॅपेलच्या अंगणात टेबल मांडलं आणि गाव आपण होऊन आलं. रांग लागली, रांग! दार लावून घेणारे, जमीन जाईल म्हणणारे, सगळे. पिद्योंगसुद्धा. जिच्यासाठी इतकी वर्षं उन्हातान्हात फिरली ती गोष्ट तिच्यासमोर चालत आली होती. पण कुणी थट्टा केली नाही, कुणी पाहुण्याचं नाव काढलं नाही. "कुठं करू सही?" "इथं." "झालं?" "झालं." एवढंच. एरवी कागद भरायला मदत करताना ती कुणाच्या पोराचं, कुणाच्या रेड्याचं विचारायची. त्या दिवशी तिनंही विचारलं नाही. दिवस मावळायच्या आत अख्खं गाव विम्यात आलं. राहिली ती फक्त सोर्सी, आम्बोला तपासणीला शहरात नेलं होतं म्हणून.

मग लावणी आली. रीतीप्रमाणे पुरिंग आदल्या संध्याकाळी घरोघर सांगून आली, उद्या माझ्याकडं. बघू म्हणाले. जमेल तसं येतो म्हणाले. तरी वेडीनं पहाटे उठून पातेलंभर भात शिजवला, नारळात कोंबडी केली, गावाला पुरेल एवढी. खाचरात पाणी घेतलेलं, चिखल लोण्यासारखा झालेला, रोपांच्या जुड्या जागोजागी टाकून ठेवलेल्या. मी दुकान बंद करून गेले. ऊन वर चढलं तरी आम्ही दोघीच. माझी ओळ कुठं जात होती ते मलाच कळत नव्हतं, मागून येऊन ती सरळ करायची. मी शिव्या देत होते, एकेकाचं नाव घेऊन. ती म्हणाली, "शेतात उभी राहून शिव्या देऊ नकोस, कुमारे."

तेवढ्यात रस्त्यावरून माणसं आली. सगळी. टोप्या, गिटार, पोरीबाळी, डोक्यावर पातेली. म्हटलं, आले! पण ते पिद्योंगच्या शेताला चालले होते. त्यानं मुद्दाम तोच दिवस धरला होता. आमच्या बांधाशी येताच सगळ्यांचं बोलणं थांबलं, गिटारवाल्यानं तारांवर हात ठेवला. लोला इपांगनं थांबून आमच्याकडं बघितलं, पण तिच्या नातवानं दंडाला धरून तिला पुढं नेलं. पुरिंगनं मान वर केली नाही. एक चूड, दुसरी चूड, लावत राहिली.

मागून सोर्सी येत होती. आम्बोचं शेत परवा गावानंच लावून दिलं होतं. ती बांधाजवळ घुटमळली. पुढच्या लोकांकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही उतरते. आता तरी उतरते.

"मानांग," ती हळूच म्हणाली, "आमची सही राहिलीय विम्याची. शेवटची तारीख कधी?"

पुरिंगनं कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. चेहऱ्यावर चिखल उडालेला.

"शुक्रवार," ती म्हणाली. "ओळखपत्र आण. आम्बोला चालत यायला लावू नकोस, तुझी सही चालेल. नाही जमलं तर मीच येते घरी."

"नको, मीच येईन," सोर्सी म्हणाली, आणि स्कर्ट सावरत इतरांना गाठायला पळत निघाली.

ती वळणाशी पोचली तेव्हा पुरिंग तिच्या पाठीमागून ओरडली, "शुक्रवार हं सोर्सी! विसरू नकोस!"